तीन एकर जागा, चाळीस हजार वस्ती आणि खडीचे वाफे

प्रश्न असा आहे. शहराची वस्ती ४० हजारांच्या आसपास. भुयारी गटार योजना नाही. घरोघरी सेप्टिक टँक आहेत. त्यांच्यातून बाहेर पडणारे पाणी आणि न्हाणी-स्वयंपाकघराचे पाणी उघड्या गटारांतून नाल्यात जाते, नाल्यातून नदीत. नाल्याकाठी नगरपरिषदेची ३ एकर जागा पडून आहे. एका कंपनीच्या प्रतिनिधीने सभेत कर्दळीचे हिरवेगार वाफे दाखवले आणि सांगितले की वीज नको, यंत्र नको, माणूस नको. तेव्हा एसटीपीचा, म्हणजे यंत्रांवर चालणाऱ्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा नाद सोडून झाडे लावलेल्या खडीच्या वाफ्यांची ही कृत्रिम पाणथळ, म्हणजे कन्स्ट्रक्टेड वेटलँड, करावी का?

सगळ्या शहरासाठी या जागेत हे होणार नाही. शहराच्या एका भागाचे, साधारण ६ हजार माणसांचे सांडपाणी मात्र तिथे नीट शुद्ध होऊ शकेल. हा आकडा कुठून आला ते आधी सांगतो, कारण विकणाऱ्यांच्या सादरीकरणात नेमका तोच नसतो.

माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरला तर त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. ४० हजार माणसांचे झाले रोजचे ४३ लाख लिटर, म्हणजे ४.३ एमएलडी (१ एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर). कच्च्या मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला २०० मिलिग्रॅम धरू. गाळ बसवणाऱ्या टाकीत त्यातला तिसरा हिस्सा कमी होतो आणि वाफ्यात शिरणारे पाणी १३० च्या आसपास असते. तिथून ते ३० वर आणायचे.

वाफ्याच्या क्षेत्रफळाचे जुने आणि आजही वापरात असलेले सूत्र सोपे आहे. आत येणाऱ्या बीओडीला बाहेर पडणाऱ्या बीओडीने भागायचे, त्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग घ्यायचा, त्याला रोजच्या घनमीटर पाण्याने गुणायचे आणि एका स्थिरांकाने भागायचे. आडव्या प्रवाहाच्या, म्हणजे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते अशा वाफ्यासाठी हा स्थिरांक आपल्यासारख्या हवामानात ०.१५ च्या जवळपास धरतात. १३० वरून ३० वर यायचे तर १ एमएलडीला सुमारे ९,८०० चौरस मीटर लागतात, म्हणजे जवळजवळ अडीच एकर. अख्ख्या शहराला दहा एकरांहून जास्त, आणि ही फक्त वाफ्यांची जागा झाली. रस्ते, बांध, टाक्या, कुंपण यांत आणखी तीस-चाळीस टक्के जातात. तुमच्या ३ एकरांत निव्वळ वाफे बसतील साधारण ८,५०० चौरस मीटरचे.

सूत्राप्रमाणे एवढ्या जागेत ०.८५ एमएलडीपर्यंत जाता येते. पण सूत्रावर थांबू नका. वाफ्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर रोज किती ग्रॅम बीओडी पडतो हेही बघायचे असते. थंड देशांच्या मार्गदर्शिकांत आडव्या वाफ्याला ६ ते ८ ग्रॅम सांगतात. आपल्याकडे उष्णतेमुळे जीवाणू अधिक चपळ असतात, म्हणून जरा जास्त चालते. तरी १० च्या वर मी जात नाही. ८,५०० चौरस मीटरला १० ग्रॅम म्हणजे दिवसाला ८५ किलो, आणि १३० मिलिग्रॅमच्या हिशेबाने तेवढा भार साडेसहा लाख लिटरमध्ये असतो. म्हणजे ६ हजार माणसे. दोन हिशेबांतला जो आकडा लहान निघतो तो धरायचा. जो सल्लागार फक्त मोठा दाखवतो त्याला दुसरा विचारा.

तुमच्या नाल्यातले पाणी मात्र या गृहीतकापेक्षा वेगळे असणार. सेप्टिक टँकमधून आलेल्या पाण्यातला काही मैला आधीच खाली बसलेला असतो, त्यात झिरप्याचे पाणी मिसळते, म्हणून बीओडी २०० च्या बराच खाली असू शकतो. मग त्याच जागेत जास्त माणसांचे काम होईल. उलट नाल्यावर एखादे मंगल कार्यालय, मटण मार्केट किंवा दुग्धालय असेल तर तो वर जाईल. हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजणे महागही नाही: नाल्यात ९० अंशांच्या खाचेची पत्र्याची फळी बसवा आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच वाहते ते दर तासाला लिहा. १५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण १२ लिटर, म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर पाणी चालले आहे. सकाळी सहा ते दहाचा जोर आणि रात्री दोनचा शुकशुकाट यांत केवढी तफावत असते ते पहिल्याच दिवशी दिसेल. नमुनाही एका बाटलीचा घेऊ नका. चोवीस तास दर तासाला थोडे पाणी घेऊन, प्रवाहाच्या प्रमाणात मिसळून तपासायला द्या. एकदा एप्रिल-मे महिन्यांत आणि एकदा पावसाळ्यात उघडीप असताना.

आता हे वाफे करतात काय. पाणी शुद्ध करतात ते खडीवर बसलेले जीवाणू. झाडांचा थेट वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. घट्ट मैलापाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसपैकी झाडे कापून बाहेर नेता येणारा हिस्सा दहा टक्क्यांच्या आतबाहेरच असतो. मग झाडे कशाला? मुळांमुळे जीवाणूंना बसायला जागा मिळते, थोडा प्राणवायू मिळतो, वरचा थर हलता राहतो, उन्हापासून सावली होते आणि शेजाऱ्यांना ही जागा बाग वाटते. हे शेवटचे कारण मी गमतीने सांगत नाही. ज्या जागेला वस्ती बाग म्हणते तिच्यात कचरा कमी पडतो.

या पद्धतीचा उगम जर्मनीत झाला. कॅटे झायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात माक्स प्लांक संस्थेत पाणवनस्पती लावून सांडपाण्यावर प्रयोग सुरू केले. पुढे राइनहोल्ड किकुट यांनी १९७० च्या दशकात 'मूळ-क्षेत्र' पद्धत मांडली. खडीऐवजी मातीचे वाफे, त्यात नळाचे गवत, आणि मुळे माती इतकी भुसभुशीत करतील की पाणी आरामात आतून जाईल असा दावा. तो दावा टिकला नाही. माती दाटत गेली, पाणी आत शिरण्याऐवजी वरून वाहू लागले, आणि म्हणून नंतरच्या लोकांनी खडी घेतली. 'मुळे वाफा मोकळा ठेवतात, तो कधीच चोंदत नाही' असे आजही कोणी सभेत सांगतो तेव्हा तो पन्नास वर्षांपूर्वीचा, फसलेला दावा सांगत असतो.

वाफा चोंदतोच. किती वर्षांनी, एवढाच प्रश्न. माझ्या कामाचा मोठा भाग बंद पडलेले वाफे बघण्यात गेला आहे, आणि एखादा अपवाद सोडला तर कारण तेच: वाफ्याच्या आधीची टाकी लहान होती, किंवा ती कधी उपसलीच नाही. गाळ आणि तेलकट चिकटा पहिल्या दोन-तीन मीटर खडीत बसतो. पाणी वर येते, वास सुटतो, डास होतात. मग कोणीतरी शहाणा सुरुवातीच्या भागातली झाडे उपटून तिथून चर काढतो आणि पाणी थेट पलीकडे जाते. कागदावर प्रकल्प चालूच असतो. एका गृहसंकुलात तर मी वाफ्याच्या पहिल्या टोकाला खडीऐवजी राखाडी लोण्यासारखा थर पाहिला. सगळ्या इमारतींच्या स्वयंपाकघरांचे पाणी तेल अडवणारा चेंबर न घालता सोडले होते.

म्हणून पैशांची आणि जागेची पहिली मागणी टाकीची असली पाहिजे. जाळी, वाळू बसवणारा चेंबर, मग गाळ बसवणारी टाकी आणि तिला जोडून आडभिंतींची बंद टाकी, जिला एबीआर म्हणतात. आडभिंतींमुळे पाणी प्रत्येक कप्प्यात खाली-वर होत, तळाच्या गाळातून वाट काढत जाते. साडेसहा लाख लिटरला एक दिवसाचा साठा धरला तर ६५० घनमीटरचे बांधकाम होते. ठेकेदाराला ते नको असते, कारण जमिनीखाली गेलेले काँक्रीट छायाचित्रात दिसत नाही. बेंगळुरूच्या सीडीडी आणि जर्मनीच्या बोर्डा या संस्थांनी भारतात रुजवलेल्या 'डेवॅट्स' पद्धतीत हाच क्रम आहे: आधी टाकी, मग एबीआर, मग खडीचा वाफा, शेवटी उघडे तळे. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात तो पाहायला मिळतो. नेपाळमध्ये धुलिखेल रुग्णालयाने १९९७ मध्ये वाफे बांधले. तिथून निघालेला धडा असा की रुग्णालय वाढले, पाणी वाढले, वाफे तेवढेच राहिले. तुमच्या नाल्यावरही पुढच्या दहा वर्षांत नवे लेआउट पडणार आहेत. जागेच्या नकाशात निदान एक वाफा रिकामा राखून ठेवा.

एक गोष्ट या ३ एकरांच्या बाहेरची आहे, पण तिचा परिणाम तुमच्या वाफ्यांवर सगळ्यात जास्त होईल. घरांच्या सेप्टिक टँक वर्षानुवर्षे उपसल्या नाहीत की त्या टाक्या राहत नाहीत, नुसते पाइप होतात. मैला जसाच्या तसा गटारात येतो. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी मागणीची वाट न बघता प्रत्येक घराची टाकी ठरावीक मुदतीने उपसायची पद्धत बसवली आणि त्या गाळासाठी स्वतंत्र प्रक्रिया केंद्र उभे केले. तुमच्याकडे एवढे एकच झाले, तरी नाल्यातला गाळाचा भार लक्षणीय उतरेल. आणि वाफ्यांआधीच्या टाकीतून दर वर्षी-दीड वर्षाने निघणारा गाळ कुठे टाकायचा, याचेही उत्तर त्याच केंद्रात मिळते. ते उत्तर नसेल तर टँकर रात्री तोच गाळ नदीत सोडेल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

वाफे दोन जातींचे. आडव्या प्रवाहाच्या वाफ्यात पाणी एका टोकाला आत जाते, खडीच्या पृष्ठभागाखाली पाच-दहा सेंटिमीटर राहून दुसऱ्या टोकाला निघते. खोली साधारण ६० सेंटिमीटर. खडी कायम पाण्यात बुडालेली, म्हणून आत प्राणवायू फार कमी. बीओडी आणि गढूळपणा छान उतरतो. अमोनिया फारसा उतरत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला जवळजवळ साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, तो या वाफ्यात येणार कुठून? उभ्या प्रवाहाच्या वाफ्यात पाणी वरून सगळीकडे सारखे, थांबून थांबून सोडतात. प्रत्येक वेळी पाणी खाली उतरते तसे ते मागून हवा ओढून घेते. अमोनिया तिथे उतरतो, जागाही कमी लागते, पण पाणी सोडणारी यंत्रणा, वरचे पाइप आणि त्यांची भोके साफ ठेवावी लागतात. नायट्रेट बाहेर काढायचे असेल तर पुन्हा प्राणवायू नसलेला टप्पा हवा, म्हणून दोन्ही जाती एकामागे एक जोडतात.

फ्रान्समध्ये तिसरीच तऱ्हा रूढ आहे. तिथल्या खेड्यांत कच्चे मैलापाणी, टाकीत न बसवता, सरळ उभ्या खडीच्या वाफ्यावर सोडतात. तीन वाफे असतात. एक तीन-चार दिवस पाणी घेतो, तेवढ्या काळात बाकीचे दोन सुकतात. वर साचलेला मैला तिथेच कुजून खत होतो आणि दहा-पंधरा वर्षांनी काढतात. मोल्डोव्हातल्या ऑर्हेई शहरात २०१३ मध्ये २० हजार लोकांसाठी या पद्धतीचे केंद्र उभे राहिले, जागा सुमारे ५ हेक्टर. मला ही पद्धत फार आवडते. तरी तुमच्या जागी सुचवणार नाही, कारण नाल्याकाठच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर मैला पसरतोय असे दृश्य रोज दिसेल आणि पहिल्याच महिन्यात मोर्चा येईल.

आडवा वाफा करायचा तर त्याचा आकार बघा. बहुतेक आराखड्यांत लांबच लांब अरुंद कालवा काढलेला असतो, दहा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब. कारण पाणी जितके लांब जाईल तितके शुद्ध होईल अशी समजूत. प्रत्यक्षात सगळा गाळ आणि बीओडी त्या दहा मीटरच्या तोंडावर आदळतो. पाणी जिथून शिरते त्या उभ्या छेदावर चौरस मीटरला रोज २५० ग्रॅम बीओडीपेक्षा जास्त येऊ देऊ नये. तुमच्या ८५ किलोला ३४० चौरस मीटरचा छेद लागतो. पाण्याची खोली अर्धा मीटर धरली तर सगळ्या वाफ्यांची मिळून रुंदी ६८० मीटर झाली आणि लांबी उरली जेमतेम साडेबारा मीटर. चित्र उलटे दिसते ना? आखूड आणि रुंद, असे अनेक वाफे. शेजारी शेजारी सतरा वाफे, प्रत्येकी चाळीस मीटर रुंद. त्यांचा आणखी फायदा असा की एखादा बंद ठेवून सुकवता येतो. दोन-तीन आठवडे सुकला की चोंदलेला वाफा बऱ्याच अंशी मोकळा होतो.

एवढ्या क्षेत्राला ६० सेंटिमीटर खडी म्हणजे ५,१०० घनमीटर, साधारण १,८०० ब्रास. सहा ब्रासच्या हायवाच्या ३०० खेपा. खर्चाचा मोठा हिस्सा इथे, खोदाईत आणि खालच्या एचडीपीई लायनरमध्ये, म्हणजे पाणी झिरपू न देणाऱ्या जाड प्लास्टिकच्या अस्तरात जातो. झाडांचा खर्च नगण्य. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, क्रशरवरून येताना भुकटी घेऊन येते. न धुता टाकली तर तीच भुकटी तळाशी सिमेंटसारखी बसते आणि वाफा सुरू होण्याआधीच अर्धा चोंदतो. मधल्या भागात १० ते १६ मिलिमीटरची, दोन्ही टोकांना ४० ते ८० मिलिमीटरचे दगड. निविदेत 'धुतलेली' हा शब्द घाला आणि प्रत्येक गाडीतली घमेलाभर खडी बादलीत धुऊन बघायला एक माणूस उभा करा. काळी माती असेल तर लायनर न घालता चालेल असेही कोणी सांगेल. उन्हाळ्यात त्याच काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा आठवा आणि नाही म्हणा.

'वीज नको' हे तुमच्या जागी खरे नाही. नाला खाली, जागा वर. पाणी उचलावे लागणार. साडेसहा लाख लिटर सहा मीटर उचलायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी, दिवसाला वीस-बावीस युनिट लागतात. हे फारच थोडे आहे. हवा फुंकून चालणाऱ्या एसटीपीला दर दहा लाख लिटरला दीड-दोनशे युनिट सहज लागतात. वेटलँडची खरी ताकद ही आहे: वीज दोन दिवस गेली तरी जीवाणू मरत नाहीत, आणि लहान नगरपरिषदेला वीजबिल थकल्यामुळे केंद्र बंद ठेवावे लागत नाही. खरी गोष्टच पुरेशी चांगली असताना खोटी कशाला सांगायची, हे मला या धंद्यातले कळलेले नाही.

'माणूस नको' हे तर साफ चुकीचे. निदान दोन माळी आणि एक देखरेख करणारा, कायमचे. रोज जाळी साफ करायची, पाणी सगळ्या वाफ्यांत सारखे जाते का बघायचे, बाहेरच्या चेंबरमधला उभा पाइप वर-खाली करून पातळी राखायची. पहिले तीन महिने सर्वांत जपायचे, कारण तण कर्दळीला गिळून टाकते. रोपे चौरस मीटरला चार. सुरुवातीला मैलापाणी पातळ करून सोडायचे, मग हळूहळू पूर्ण ताकदीचे. नंतर पातळी थोडी उतरवायची, म्हणजे मुळे पाण्यामागे खोल जातात. बाभूळ, सुबाभूळ, पिंपळ यांची रोपे दिसताक्षणी उपटायची, नाहीतर ती लायनर फोडतात. म्हशी आणि शेळ्यांना हा हिरवा चारा उन्हाळ्यात लांबून दिसतो. कुंपण नसेल तर पहिल्याच एप्रिलमध्ये वाफे तुडवले जातील.

झाडे कोणती, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात आणि त्याने फरक सर्वांत कमी पडतो. कर्दळ लवकर धरते, फुलते, पण मुळे उथळ आणि वाळलेली पाने सारखी काढावी लागतात. पाणकणीस कणखर, मात्र वेळेवर कापले नाही तर आडवे पडून तिथेच कुजते. नळ सर्वांत टिकाऊ. वाळ्याची मुळे खोल जातात, पण कायम बुडालेल्या खडीत तो कर्दळीइतका जोर धरत नाही. छत्रीगवत बागेसारखे दिसते. मी वाफ्याच्या आतल्या ओळींत नळ आणि रस्त्याच्या बाजूला कर्दळ लावतो. अळू मात्र लावू नका. ते उत्तम वाढते, आणि कोणीतरी ते भाजीला नेतेच.

डासांची भीती सभेत निघेल. पाणी खडीच्या खाली असेल तर डासांना अंडी घालायला जागा नसते. डास दिसले याचा अर्थ वाफा चोंदून पाणी वर आले आहे. शेवटी उघडे तळे ठेवणार असाल तर त्यात गप्पी मासे सोडा.

आता बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल. ते काचेसारखे स्वच्छ दिसेल. पुढारी ते ग्लासात घेऊन छायाचित्र काढतील. त्या स्वच्छ पाण्यातही १०० मिलिलिटरला लाखभर मलजन्य कोलिफॉर्म असू शकतात, कारण आडवा वाफा नव्वद ते नव्याण्णव टक्के जंतू काढतो आणि कच्च्या पाण्यात ते दहा लाखांपासून कोटीपर्यंत असतात. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत मर्यादा आहे १,०००. तेव्हा शेवटी क्लोरिन किंवा अतिनील दिव्यांचा टप्पा लागेल. जागा असेल तर काही दिवसांच्या साठ्याचे उथळ तळे. कारंज्यासाठी, रस्त्यावर शिंपडायला किंवा पालेभाजीला हे पाणी त्याशिवाय देऊ नका.

त्याच अधिसूचनेत महानगरे आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या सोडून इतर शहरांना बीओडी ३० ची मुभा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात मात्र बीओडी १०, एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ असे कडक आकडे धरले. या फरकाचा जागेवर काय परिणाम होतो बघा: १३० वरून ३० ऐवजी १० वर आणायचे तर त्याच सूत्राने १ एमएलडीला आडव्या वाफ्याची जागा ९,८०० वरून १७,१०० चौरस मीटर होते, जवळजवळ पावणेदोनपट. उभ्या वाफ्याने, स्थिरांक ०.२० धरून, ती १२,८०० पर्यंत येते. फॉस्फरस १ वर आणणे साध्या खडीला जमत नाही. सुरुवातीला खडी तो धरून ठेवते, मग तिची भूक संपते. त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तुमच्या संमतीपत्रात कोणते आकडे लिहिणार, हे आराखडा काढण्याआधी लेखी विचारा.

पाणी नदीत न सोडता शेतीला, नर्सरीला किंवा रस्त्याकडेच्या झाडांना गेले तर ही सगळी ओढाताण सैल होते. नायट्रोजन आणि फॉस्फरस तिथे खतच आहेत. दिल्लीच्या पुसा, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत २.२ एमएलडीचे वेटलँड याच विचाराने चालवले गेले: वसाहतीचे सांडपाणी वाफ्यांतून काढून संस्थेच्या शेतांना. उन्हाळ्यात तुमच्या वाफ्यांवरून रोज आठ-दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी ६८ ते ८५ घनमीटर पाणी उडून जाईल, झाडांमुळे त्याहून जास्तच; म्हणजे हाती येणारे पाणी आठवा हिस्सा कमी धरून शेतकऱ्यांशी बोलणी करा.

बाकीच्या शहराचे काय? उरलेल्या साधारण ३.६५ एमएलडीला एसटीपी लागेल किंवा आणखी पाच-सहा ठिकाणी असेच तुकडे शोधावे लागतील. बेंगळुरूच्या जक्कूर तलावावर दोन्हींची जोड आहे: आधी एसटीपी, त्यातून निघालेले पाणी पाणकणसाच्या वेटलँडमधून, मग तलावात. शहर वाढल्यावर तुमचे वाफेही तसे शेवटच्या टप्प्याचे काम करू शकतात, म्हणजे आज केलेला खर्च वाया जात नाही. सभेत कोणी कोलकात्याचे उदाहरण देईल. पूर्व कोलकात्याच्या पाणथळी १२,५०० हेक्टर आहेत, २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहेत आणि मच्छीमारांच्या पिढ्या त्या सांभाळत आल्या आहेत. ३ एकरांशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडचे बघायचेच असेल तर नागपूरच्या नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची 'फायटोरिड' ही वेटलँडची पद्धत मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात वापरली गेली आहे. कुठेही गेलात तरी उद्घाटनाची फीत बघू नका. पाच वर्षे झालेले केंद्र बघा, टाकीचे झाकण उघडायला लावा आणि मागच्या वर्षी गाळ कधी उपसला त्याची नोंदवही मागा.

थेट नाल्याच्या पात्रातच झाडे आणि दगड रचून देतो असा स्वस्त प्रस्तावही येईल. जून-जुलैतला पहिला मोठा पाऊस ते सगळे पुलाच्या मोरीत नेऊन अडकवतो, आणि मग वस्तीत पाणी शिरल्याचे खापर तुमच्यावर फुटते. नाल्यात फक्त बुटका बांध घाला, कोरड्या दिवसांचे पाणी बाजूला वळेल इतकाच. पाऊस आला की जादा पाणी बांधावरून निघून गेले पाहिजे. ते वाफ्यांत शिरता कामा नये.

आणि या सगळ्याआधी जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा काढा. नाल्याकाठची जागा इतकी वर्षे पडून का राहिली, याचे कारण बहुधा त्यात सापडेल. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा तुमच्या ३ एकरांच्या मधून जात असेल तर तिच्या आत टाक्या आणि भिंती बांधता येणार नाहीत, आणि परवानगीशिवाय बांधल्याच तर एका पुरात खडीवर हातभर गाळ बसेल. मग वरचा हिशेब ३ एकरांनी नव्हे, रेषेच्या बाहेर उरेल तेवढ्या जागेने पुन्हा करावा लागेल. नकाशा आणि खाचेच्या फळीवरची चोवीस तासांची नोंद हातात आली की कोणत्या नाल्याचा किती भाग घ्यायचा ते एका बैठकीत ठरवता येईल.